थोडा, पण रोजचा : व्यायामाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जेरेमी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. एकाच बसवर काम करणारी दोन माणसं. ड्रायव्हर पाळीभर बसून, तर कंडक्टर तिकिटं देत डबलडेकरचा जिना सतत वर-खाली करणारा. बेस्टच्या जुन्या डबलडेकरमधून फिरलेल्यांना तो अरुंद जिना आठवत असेल. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये ठळकपणे कमी निघालं. हे कंडक्टर काही तालमीत जाऊन घुमत नव्हते. मध्यम श्रमाची हालचाल त्यांना रोज, वर्षानुवर्षं घडत होती, एवढंच.

त्यानंतरच्या सत्तर वर्षांतल्या संशोधनाने हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली. तरीही ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या २०२४ च्या अहवालानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, स्त्रियांमध्ये तर हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या घरात आहे. आळस हे त्याचं एक कारण झालंच. पण व्यायाम म्हणजे काहीतरी मोठं प्रकरण, ही समजूतही आड येते. म्हणून आधी या समजुतींचा समाचार घेऊ.

गैरसमज : रोज दहा हजार पावलं झाली नाहीत, तर चालणं फुकट.

वस्तुस्थिती : हा आकडा दवाखान्यातून नव्हे, बाजारातून आला. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्याच वर्षी, १९६५ साली, जपानच्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र दहा हजार पावलांच्या नावाने विकायला काढलं आणि आकडा जगभर रूढ झाला. आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये सोळा हजारांहून अधिक वयस्क अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी आढळलं. ७,५०० पावलांच्या आसपास हा फायदा स्थिरावला. मुळात धडधाकट असणारी माणसं जास्त चालतात, हेही इथे लक्षात घ्यायला हवं, म्हणून ४१ हा आकडा ब्रह्मवाक्य मानू नये. पण सुरुवातीच्या पावलांचं मोल सगळ्यात जास्त असतं, ही दिशा इतर अभ्यासांतही दिसते. सध्या तीन हजार पावलं होत असतील, तर चार हजारांचं बघा. जोरात चालताना मिनिटाला सुमारे शंभर पावलं पडतात, म्हणजे वाढीव काम दहा मिनिटांचं.

गैरसमज : सलग तासभर मोकळा मिळाला तरच व्यायाम करण्यात अर्थ आहे.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस अशी : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. २०१० च्या शिफारशीत प्रत्येक वेळी किमान दहा मिनिटं सलग हालचाल हवी, अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकली. दोन मजले चढलात, रिक्षा न करता स्टेशनपासून घरी चालत आलात, तर तेही हिशेबात धरलं जातं.

तैवानमधल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सरासरी १५ मिनिटं व्यायाम करणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अजिबात व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा १४ टक्के कमी होता. आपल्याकडच्या शतपावलीलाही इथे आधार सापडतो. जेवणानंतर हलकं चालल्याने रक्तातली साखर कमी उसळते, कारण चालणारे स्नायू ती वापरू लागतात. मात्र उंबऱ्यापासून कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत जाऊन परत फिरू नका. दहा-पंधरा मिनिटं तरी चाला.

गैरसमज : घाम निथळला नाही, अंग दुखलं नाही, तर व्यायाम लागू पडला नाही.

वस्तुस्थिती : घाम ही शरीर थंड ठेवायची सोय आहे. मे महिन्यात चंद्रपूरच्या एसटी स्टँडवर नुसतं उभं राहिलं तरी सदरा भिजतो; त्याने कोणी तंदुरुस्त होत नाही. घाम गाळून काट्यावर कमी झालेलं वजन बहुतांश पाण्याचं असतं आणि दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं.

अंगदुखीचंही तसंच. नव्या किंवा सवय नसलेल्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं, ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. त्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फुटतं, पण ते व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांत ओसरलेलं असतं. दुखणं हे सवय नसल्याचं लक्षण आहे, व्यायामाची पावती नव्हे.

श्रम मध्यम आहेत की नाहीत, हे ओळखायची खूण सोपी आहे. चालता चालता सोबत्याशी बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे वेग बरोबर. दोन-चार शब्दांपलीकडे बोलवत नसेल, तर श्रम जोरकस. आणि एखादी बंदिश सुखाने आळवता येत असेल, तर जरा पाय उचला.

गैरसमज : दिवसभर घरकामात जातो, वेगळा व्यायाम कशाला?

वस्तुस्थिती : घरकाम हिशेबात धरायचंच. उकिडवं बसून फरशी पुसणं, पाण्याच्या कळश्या वाहणं, चादरी हाताने धुऊन पिळणं हे खरोखरीचे श्रम आहेत. पण ओट्याशी दोन तास उभं राहून पोळ्या लाटल्या तर थकवा येतो, श्वास मात्र वाढत नाही. दमणं आणि हृदयाला व्यायाम होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय घरकामात तेच स्नायू त्याच पद्धतीने राबतात आणि कंबर, मनगटं भरून येतात. पाठ आणि दंड यांना पुरेसं बळ मिळत नाही. म्हणून ओटा सांभाळणाऱ्या बाईलाही तिचा अर्धा तास वेगळा मिळायला हवा. त्या वेळेत फरशी घरातल्या पुरुषांनी पुसली, तर दोघांच्याही खात्यावर मिनिटं जमा होतील.

गैरसमज : वजनं उचलणं हे पोरांचं काम. वय झालं की चालणं पुरे.

वस्तुस्थिती : खरं तर वय वाढतं तशी याची गरज वाढते. साधारण तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. चालण्याने हृदय आणि फुप्फुसं सुधारतात, पण स्नायूंची घट पुरेशी थांबत नाही. परिणाम दिसतो तो जमिनीवरून उठताना, बसच्या पायरीवर चढताना, मोरीत पाय घसरल्यावर.

मारिया फियातारोने यांनी १९९० साली अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम दिला. तो पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. गट लहान होता, पण त्या वयातही स्नायू प्रतिसाद देतात, एवढं त्यातून पक्कं कळलं.

यासाठी जिम लागतेच असं नाही. हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पावलं खांद्यांइतकी फाकवा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. हात छातीशी बांधा, धड थोडं पुढे झुकवा आणि हाताचा आधार न घेता उभे राहा. बसताना धपकन बसू नका; मनात तीनपर्यंत मोजत खाली या, कारण उतरतानाही स्नायू राबतो. आठ-दहा वेळा करून थांबा, मिनिटभर दम घ्या, पुन्हा करा. सोपं वाटू लागलं की एक-एक लिटरच्या भरलेल्या पाण्याच्या बाटल्या हातात धरा. दोन किलो वजन झालं. खांदे-छातीसाठी भिंतीला हात टेकवून जोर मारा. पुढे तेच ओट्याला टेकवून करा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा हिरिरीने प्रचार केला, त्या सूर्यनमस्कारातही हातांच्या ताकदीचा व्यायाम होतो. मनगटं कुरकुरत असतील, तर भिंतीपासूनच सुरुवात बरी.

गैरसमज : चालण्या-धावण्याने गुडघे झिजतात.

वस्तुस्थिती : सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला जातो आणि सुटतो, तेव्हा सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. म्हणजे हालचाल ही कूर्चेची गरज आहे. २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात हौशी धावपटूंपैकी ३.५ टक्के लोकांना खुब्याचा किंवा गुडघ्याचा झिजेचा संधिवात आढळला. न धावणाऱ्या बैठ्या लोकांत हे प्रमाण १०.२ टक्के होतं. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र १३.३ टक्के. टोकं दोन्हीकडची वाईट, मधला मार्ग सुखाचा. गुडघा आधीच दुखत असेल, तरी पूर्ण विश्रांती हा सहसा उपाय नसतो; मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा ताण हलका होतो. सुजेवर मात्र चालत राहू नका, डॉक्टरांना दाखवा.

गैरसमज : वजन उतरलं नाही, म्हणजे व्यायाम वाया गेला.

वस्तुस्थिती : पासष्ट किलोच्या माणसाने अर्धा तास भराभर चाललं, तर सव्वाशेच्या आसपास कॅलरी खर्ची पडतात. हिशेब केला तर जेमतेम अर्धा वडापाव. म्हणून वजनाचा प्रश्न मुख्यतः ताटात सुटतो. पोटाचे व्यायाम केल्याने पोटावरचीच चरबी उतरते, हेही खरं नाही. टेनिसपटूंचा एक हात वर्षानुवर्षं जास्त राबतो, पण १९७१ च्या एका पाहणीत त्यांच्या दोन्ही हातांच्या कातडीखालची चरबी सारखीच जाड निघाली. चरबी कुठून आधी उतरायची, हे आपल्या हातात नसतं.

पण काटा हलला नाही तरी आत बरंच काही बदलतं. रक्तदाब उतरतो, इन्सुलिन अधिक चांगलं काम करतं, झोप सुधारते. मॉरिस यांनी पुढे लंडनच्या त्याच कर्मचाऱ्यांच्या गणवेशांच्या कमरेची मापं तपासली. ड्रायव्हर मुळातच जाड होते का, ही शंका होती, आणि ते जाड होतेही. पण सारख्या कमरेच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली, तेव्हाही धोका कंडक्टरांनाच कमी होता.

गैरसमज : कॉलेजात मैदान गाजवलंय, ती शिदोरी जन्मभर पुरेल. आणि नसेल गाजवलं, तर आता फार उशीर झाला.

वस्तुस्थिती : दोन्ही समजुती एकाच प्रयोगाने खोट्या ठरवल्या. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता त्यांच्यात जेवढी घटली, तेवढी घट पुढच्या तीस वर्षांच्या वयवाढीनेही झाली नाही. त्याच पाच जणांना पन्नाशीत पुन्हा बोलावून चालणं, हलकं धावणं आणि सायकल यांचा हळूहळू वाढवत नेलेला सहा महिन्यांचा व्यायाम दिला. या क्षमतेत वयाने झालेली घट पूर्ण भरून निघाली. कमावलेलं तीन आठवड्यांत जातं, आणि गेलेलं सहा महिन्यांत परत येऊ शकतं.

थोडी सावधगिरी हवी. चालताना छातीत दाबल्यासारखं वाटणं, हातात किंवा जबड्यात कळ येणं, भोवळ, नेहमीपेक्षा जास्त धाप : यांपैकी काही झालं, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा. हृदयविकार असलेल्यांनी किंवा ज्यांनी कित्येक वर्षांत काहीच केलेलं नाही त्यांनी जोरकस व्यायामाआधी तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. हळू चालण्याने सुरुवात करायला मात्र बहुतेकांना कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आठवड्याचा हिशेब मग सोपा आहे. पाच दिवस अर्धा-अर्धा तास भराभर चालणं, हवं तर पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन तुकडे करून. दोन दिवस खुर्ची आणि भिंतीचा व्यायाम. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करायच्या फंदात पडू नका, नेहमीचाच पाठ सुरू करा. सगळ्यात मोठा फायदा शून्यावरून थोड्यावर येणाऱ्याला होतो. तेव्हा सोमवारची, एक तारखेची किंवा नव्या बुटांची वाट पाहू नका. आज रात्री जेवण झालं की पंधरा मिनिटं बाहेर पडा, आणि उद्याही.