बोटीच्या ट्रेलरची चाकं लवकर का बिघडतात?

अमेरिकेत फ्लोरिडासारख्या किनारी राज्यांत घरासमोर ट्रेलरवर चढवलेली बोट सर्रास दिसते. ट्रेलर गाडीमागे जोडून न्यायचा, उतारावरून पाण्यात ढकलायचा, बोट तरंगली की बाहेर काढायचा. त्याचे हब, म्हणजे चाकांचे मधले भाग, आणि ब्रेक मोटारीच्या हब-ब्रेकांपेक्षा लवकर बाद होतात.

महामार्गावर हबमधलं बेअरिंग तापतं. हबमधली हवा प्रसरण पावते, थोडी बाहेर निसटते. तसाच गरम हब पाण्यात बुडाला की उरलेली हवा आकसते. गरम भाजीच्या डब्याचं घट्ट झाकण निवल्यावर आत ओढलं जातं, तसंच हे. फक्त इथे झिजलेल्या सीलमधून खारं पाणी आत शिरतं. ग्रीस दुधाळ होतं, पोलादी रोलरांवर गंजाचे खड्डे पडतात. म्हणून पाण्यात उतरवण्याआधी हब निवू द्यावा, हा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटतो.

घरी दुरुस्ती करताना अख्खा हब बदलणं सोपं, कारण रोलर ज्यांवर फिरतात त्या कड्या त्यात बहुधा बसवलेल्याच येतात. हब बसवल्यावर त्याचा नट आवळून किंचित सैल करावा, मग पिन घालावी. घट्ट राहिला तर बेअरिंग पुन्हा तापतं. ब्रेकचं म्हणाल, तर ड्रम ब्रेकमध्ये खारं पाणी साचतं, उघडी डिस्क मात्र गोड्या पाण्याने सहज धुता येते. जुने ड्रम उतरवलेच असतील, तर जमल्यास डिस्कच बसवावी.