गर्भ रुजण्याची तारीख : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाळी चुकताच आशाताईंकडून ‘निश्चय’ संच आणून, पट्टीवर लघवीचे थेंब टाकून, दुसरी रेघ उमटते की काय हे डोळे लावून पाहणाऱ्या पेण-रोह्याकडील कुटुंबांत असा एक समज दृढमूल आहे की, संबंध आला त्याच रात्री गर्भ रुजला. वस्तुस्थिती निराळी आहे. बीजकोशातून सुटलेल्या स्त्रीबीजाचे फलन गर्भनलिकेत, सुमारे दिवसभरातच होते. मात्र ते फलित बीज विभाजन पावत तीन-चार दिवसांनी गर्भाशयात उतरते आणि तेथेही काही काळ मोकळेच राहून मग अस्तरात शिरते. अमेरिकेतील ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, सहा आठवडे वा अधिक टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्क्यांत हे रुजणे बीजविमोचनानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी झाल्याचे आढळले, आणि एकूण मर्यादा सहा ते बारा दिवसांची निघाली. तीही लघवीतील संप्रेरकाच्या पहिल्या खुणेवरून बांधलेली. रुजणे प्रत्यक्ष कोणी पाहिले नव्हते.

बीजविमोचन चौदाव्याच दिवशी होते, हाही असाच एक पाठ केलेला समज. पस्तीस दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीचे बीज साधारण एकविसाव्या दिवशी सुटते, म्हणून अठ्ठाविसाव्या दिवशी केलेली चाचणी तिला बहुधा ‘नाही’ म्हणणार. अशा वेळी आठवडाभराने पुन्हा चाचणी करावी, हे उत्तम. रुजताना रक्ताचा डाग पडतोच, असेही नाही. बहुतेकींना तो दिसत नाही.

सर्वांत अनर्थकारक घोटाळा मात्र आठवड्यांच्या हिशेबाचा. दवाखान्याच्या कार्डावरील आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेपासून मोजलेले असतात, म्हणजे त्यांत गर्भ नसतानाचे सुमारे दोन आठवडे धरलेले असतात. मुंबईच्या नोकरीतून महिन्यापूर्वी घरी येऊन गेलेल्या नवऱ्याच्या कानी ‘सहा आठवडे’ पडले, की घरात जी कुजबुज सुरू होते, ती निव्वळ अज्ञानाची होय. त्या कार्डाचा खरा अर्थ चारच आठवडे. अशा कुजबुजीचा जाच सोसावा लागतो तो मात्र सुनेला.

चाचणी होकारार्थी आल्यावर पोटात एका बाजूस तीव्र कळ आली, घेरी आली किंवा रक्तस्राव वाढला, तर तारखांचा खल बाजूला ठेवून पेण वा रोह्याचे उपजिल्हा रुग्णालय तत्काळ गाठावे; गर्भ नलिकेतच रुजला असण्याचा संभव असतो.