कणी गिरणीत होते की शेतात?

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यात पाडा आता नावापुरता उरला आहे. तरी दिवाळीनंतर मुरबाडकडून नव्या तांदळाचं पोतं आणायची आमच्या घरची रीत सुटलेली नाही. सुपात कणी जास्त निघाली की दोष ठरलेला, भातगिरणीचा! कधी ते खरंही असतं. पण बरेचदा दाणा गिरणीत पोचण्याआधीच शेतात अधू झालेला असतो.

भात निसवलं, फुलोरा झाला, की पुढचे दोन-तीन आठवडे दाण्यात चीक भरतो. पानांनी केलेल्या साखरेचं तिथे पिष्ट होतं. या दिवसांत उकाडा वाढला की पिष्ट बांधणारी विकरं मंदावतात आणि पिष्ट फोडणारी जोर धरतात. मग पिष्टाचे कण घट्ट बसत नाहीत, मध्ये हवेच्या फटी राहतात. उजेड त्या फटींत विखुरतो, म्हणून काचेसारख्या दाण्याचं पोट खडूसारखं पांढरं दिसतं. काही जातींचं पोट मुळातच पांढरं असतं, ती गोष्ट वेगळी. पण असा भुसभुशीत दाणा पॉलिश करताना तुटतो. रात्रीचा उकाडा तर जास्तच वाईट, कारण दिवसा कमावलेली साखर रोप रात्री श्वसनातच उडवतं.

जपानी जातींत सरासरी तापमान २६-२७ अंशांवर गेलं की हे सुरू होतं. २०२३च्या कडक उन्हाळ्यात निगाता प्रांतातल्या नामांकित कोशिहिकारी तांदळापैकी पहिल्या प्रतीचा माल जेमतेम पाच टक्के निघाला. आपल्या जाती जास्त ऊन सोसतात, पण त्यालाही हद्द आहे.

हळवं (लवकर पिकणारं) लावायचं की गरवं (उशिरा पिकणारं), हे आपण जमिनीतल्या पाण्यावरून ठरवत आलो. माझ्या मते ते आता उन्हावरूनही ठरवायला हवं. हळव्याचा दाणा ऑक्टोबर हीटच्या तावडीत सापडू शकतो, गरव्याला पिकताना थोडा गारवा मिळतो. उन्हाळी भाताची गत सर्वांत कठीण. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटलेलं पाणी राजनाल्याने कर्जतच्या शेतांत येतं, त्यावर हे पीक उभं राहतं; पण लावणी लांबली तर दाणा ऐन एप्रिलच्या उन्हात भरतो. पिकलेलं भात कापायचं राहिलं, तर रात्रीचं दव आणि दुपारचं ऊन मिळून अख्ख्या दाण्यालाही तडे पाडतात.

दक्षिण कोकणातला उकडा तांदूळ इथे हुशार ठरतो. तुसासकट उकडताना पिष्ट फुगतं, फटी बुजतात आणि दाणा टणक होतो.

यंदा मूठभर तांदूळ उजेडात धरून बघा. पोट पांढरं दिसलं तर गिरणीवाल्याशी भांडू नका. भात निसवलं कधी होतं, तेवढं शेतकऱ्याला विचारा.