नवा देव आणि जुने पितर

तासगांवच्या गणपतिमंदिरापुढील सात मजली गोपुर परशुरामभाऊ पटवर्धनांनीं उभारलेल्या वास्तूचा भाग होय. त्याची घडण दाक्षिणात्य आहे. दार दक्षिणेच्या वळणाचें आणि आंतील देव घरचा, यांत तासगांवकरांस कधीं विसंगति वाटली नाहीं. परंतु दारच नव्हे, तर देवहि परका म्हणून समोर येतो, तेव्हां प्रश्न अवघड होतो. नवा धर्म घेणाऱ्यानें आपली भाषा, आपली रीत आणि आपले पितर उंबरठ्याबाहेर ठेवावेत काय?

महाराष्ट्रांत हा प्रश्न नारायण वामन टिळक यांच्या संसारांत उभा राहिला. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलें. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलासह आप्तांच्या आश्रयास राहिल्या. त्या वियोगाची हकीगत त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत सांगितली आहे. पुढें पतिपत्नी एकत्र आलीं व १९०० सालीं लक्ष्मीबाईंनींहि बाप्तिस्मा घेतला. टिळकांनीं जातिभेद सोडला, पण अभंग आणि कीर्तन सोडलें नाहीं. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्ताकडे आलों, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांच्याहि पूर्वीं, १६१६ सालीं, फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें गोमंतकांत बायबलांतील कथा मराठी ओव्यांच्या पुराणांत गुंफून छापली होती.

आफ्रिकेंतहि हाच प्रश्न उद्भवला. त्या खंडांत शेंकडों समाज आणि तितक्याच भाषा आहेत. म्हणून ‘आफ्रिकी मत’ असें एकच मत सांगतां येत नाहीं. तथापि पुष्कळ समाजांत एक समजूत समान दिसते. मनुष्य एकटा नसतो; हयात आप्त, दिवंगत पूर्वज आणि अजून जन्मास न आलेलीं मुलें मिळून एक कुल होतें. पेयाचे चार थेंब भूमीवर सांडून पूर्वजांचें स्मरण करण्याची चाल अनेक ठिकाणीं आहे. पितृपक्षांत पान वाढणाऱ्या मराठी घरास ही भावना परकी वाटूं नये.

बहुतेक जुन्या मिशनऱ्यांस मात्र यांत मूर्तिपूजेचाच दोष दिसला. पण बायबलाचें भाषांतर करतांना त्यांना ईश्वरासाठीं तेथलाच शब्द घ्यावा लागला. केनियांतील किकुयू बायबलांत देवाचें नांव ‘न्गाइ’ असेंच आहे. केनियाचे धर्मोपदेशक जॉन म्बिटी यांनीं १९६९ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें, कीं आफ्रिकी समाजांस परमेश्वराची ओळख मिशनऱ्यांच्या आधींपासून होती. ओळखणारें कोणी जिवंत आहे तोंवर मृत मनुष्य कुलांतून गेलेला नसतो, ही तेथील कल्पनाहि त्यांनीं उलगडून सांगितली.

पुढें १९८८ सालीं रोमनें झाईर, म्हणजे आजच्या कांगो देशासाठीं, उपासनेचा निराळा विधि मान्य केला. त्यांत संतांबरोबर सन्मार्गानें जगलेल्या पूर्वजांसहि आवाहन आहे. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. पूर्वजांची पूजा निराळी आणि त्यांचा आदरपूर्वक सहवास मागणें निराळें. चर्चनें दुसरें स्वीकारलें, पहिलें नाहीं. आफ्रिकेंतील कित्येक ख्रिस्ती मंडळ्यांस एवढेंहि मान्य नाहीं.

अर्थात् जुनें तें सारें राखावें, असा याचा अर्थ नव्हे. जुन्या चालींबरोबर जुना अन्यायहि घरांत येतो. टिळकांनीं कीर्तन ठेवलें आणि जात टाकली, यांत निवड होती. ती निवड परक्यानें हुकुमानें करावयाची नसते; ज्यांच्या घरांत नवा देव आला, त्यांनींच ती करावयाची असते. आणि तिची किंमत ग्रंथांतील वादांहून लक्ष्मीबाईंसारख्या माणसांनाच अधिक द्यावी लागते. म्हणून कोणाचा धर्म तपासण्यापूर्वीं, त्या घरांत कोणाची आठवण ठेवली जाते, हें आधीं विचारावें.