लांबच्या वाटेनं लवकर

"पोरगं दिल्लीत पहाटे चारला विमानात बसलं न् सकाळी सहाला अमेरिकेत उतरलं. दोन तासांचे एवढे पैसे घेत्यात व्हय रं?"

बावड्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंचा हा हिशेब घड्याळापुरता चोख आहे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला पहाटे निघालेलं विमान त्याच तारखेला सकाळी उतरू शकतं. कॅलिफोर्निया आपल्यामागे उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा. प्रवासाचे बाकीचे तास या फरकात जिरतात.

"मग हाय तरी किती लांब?"

पोरांचा पृथ्वीगोल घेतला, डाळिंबाच्या पेटीची सुतळी सोडली. एक टोक दिल्लीवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून ताणली. सुतळी युरोपकडे गेली नाही की जपानकडे. थेट उत्तरेला चढली आणि ध्रुवाच्या अंगानं पलीकडे उतरली. भिंतीवरच्या सपाट नकाशात कधी न दिसणारी ही वाट सर्वांत जवळची, सुमारे 12,400 किलोमीटर. ताशी नऊशेचा वेग धरला तर पावणेचौदा तास.

पण हा हिशेब वारा पडलेला असतानाचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या धारा वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना. वेग कधी ताशी दोनशेच्या पुढे. मुंबईहून लंडनला जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो तो त्यांच्यामुळेच. भरल्या नीरा नदीत धारेविरुद्ध हात मारलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

या धारेचा एअर इंडियानं ऑक्टोबर 2016 मध्ये झकास उपयोग केला. तोवर त्यांचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून, वाऱ्याच्या तोंडावर जायचं. ते त्यांनी उलटं, पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे 1,400 किलोमीटरनं वाढून 15,300 वर गेलं, पण वारा पाठीशी. साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे जमिनीच्या मापानं ताशी हजाराच्या वर! जुन्या, जवळच्या वाटेला याहून जास्त वेळ लागत असे. परतताना अटलांटिकवरून, पुन्हा पूर्वेकडेच. जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पुरी. कार्तिकेयाला कळलं असतं तर मोराला विश्रांती मिळाली असती.

वाऱ्याइतकंच राजकारणही वाट वाकवतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना वळसा पडला. सुतळी तीच, तास वाढले.

काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग गोलावर बोट फिरवत विचारलं, "न् बावडा ते मुंबई कुठं हाय ह्यात?" पोराला दिल्लीच्या विमानात बसवायला घरची सगळी गाडी करून मुंबईपर्यंत गेली होती. मी दाखवलं: तांदळाच्या दाण्याएवढंही नाही.

"एवढ्यालाच आमची अख्खी रात्र गेली की," काकू म्हणाल्या आणि सुतळी बोटांभोवती गुंडाळायला लागल्या.