स्क्रीन किती मिनिटांनी लॉक व्हावी?

इथे भिलाईत ओळखीचे लोक विचारतात, "साहेब, घरच्या कॉम्प्युटरला पासवर्ड कशाला?" मीही बरीच वर्षं ठेवला नव्हता. बटण दाबलं की थेट डेस्कटॉप. मग एकदा मशीन तीन दिवस दुरुस्तीला दिलं आणि घरी येऊन चहा घेताना आठवलं: ईमेल, बँक, पेन्शनचं 'स्पर्श' पोर्टल, सगळ्यांचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले! मशीन उघडणाऱ्याला ब्राउझर मालकच समजतो. गेलं काही नाही, पण ते तीन दिवस झोप नीट लागली नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. लांबलचक पासवर्ड आणि एका मिनिटात लॉक. चष्मा शोधेपर्यंत स्क्रीन बंद. आठवड्याभरात सौ.नं पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरलाच चिकटवला. चूक तिची नव्हती. गार्डरूमवर पास एकदा विचारतात, दर पाच पावलांवर विचारला तर जवान कुंपणातूनच वाट काढतील.

आता विंडोजचा पिन ठेवलाय, सहा आकडी. चार आकड्यांचे दहा हजार प्रकार होतात, सहाचे दहा लाख. पिन पासवर्डपेक्षा कच्चा वाटतो, पण तो त्याच मशीनपुरता चालतो. कोणी पाहिला तरी दूर बसून त्यानं तुमचं ईमेल उघडत नाही. शिवाय बऱ्याचदा चुकला की मशीन थांबवून ठेवतं.

घरी दहा मिनिटांनी लॉक पुरे. लॅपटॉप प्रवासात असेल तर दोन. उठताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबा. लगेच लॉक होतं, चालू काम तसंच राहतं. नातवंडांना वेगळं खातं द्या, म्हणजे त्यांच्या खेळापायी तुमचा पिन सांगावा लागत नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. नुसत्या लॉगिननं डिस्क सुरक्षित होत नाही. ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फायली वाचता येतात. त्यासाठी सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. त्याची रिकव्हरी की मात्र कागदावर लिहून ठेवा. ती हरवली आणि मशीननं मागितली, तर तुमच्याच फायली तुम्हाला मिळणार नाहीत.

आमच्याकडे तो कागद, पिनसकट, बंद पाकिटात कपाटात आहे. माझ्यामागे फॅमिली पेन्शनचे कागद सौ.लाच उघडायचे आहेत. पाकीट कुठे आहे ते तिला दाखवून ठेवलंय.