हॉटेलची भट्टी आणि शेतातील पऱ्हाटी

यवतमाळ जिल्ह्यात वडकी, करंजी, पांढरकवडा या महामार्गाच्या पट्ट्यात शेतीला जोड म्हणून हॉटेल किंवा ढाबा चालविणारे अनेक शेतकरी आहेत. त्यांच्या नफ्याचा मोठा भाग सिलिंडर खाऊन टाकतो. दुसरीकडे हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी बांधावर जाळून टाकली जाते. या दोन गोष्टींची सांगड घालता येते. मात्र हिशेब नीट समजून घ्यावा.

एक किलो गॅसपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते, तर एक किलो वाळलेल्या पऱ्हाटीपासून ३,५०० ते ४,०००. म्हणजे तीन किलो पऱ्हाटी पुरेल असे वाटते, पण तसे होत नाही. गॅसची निम्म्याहून अधिक उष्णता भांड्याला लागते. उघड्या चुलीत जेमतेम दहावा हिस्सा लागतो, बाकी वाऱ्यावर जाते. त्यामुळे किलोभर गॅसच्या कामाला उघड्या चुलीवर पंधरा किलो पऱ्हाटी लागू शकते. खालून हवा देणारी जाळी, भांड्याच्या मापाचे तोंड आणि चिमणी असलेल्या भट्टीत तेच काम सहा-सात किलोत होते. तेव्हा खर्च आधी भट्टीवर करावा. पऱ्हाटी वीतभर तोडून, पूर्ण वाळवूनच वापरावी; ओल्या सरपणाची बरीच उष्णता त्यातील पाणी उडविण्यातच जाते.

येथे एक धोका आहे. गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत किडक्या बोंडांत दडून राहते व पुढील हंगामात तिचे पतंग बाहेर पडतात. म्हणून पऱ्हाटीची गंजी शेतालगत पावसाळ्यापर्यंत ठेवू नये. वाळकी बोंडे तोडून ती प्रथम भट्टीत घालावीत. साठवणच करावयाची असल्यास पऱ्हाटीचा भुगा करून कांडीकोळसा, म्हणजे पांढरा कोळसा, करून घेणे बरे.

ज्यांच्याकडे चार-पाच जनावरे आहेत त्यांनी गोबरगॅसचा विचार जरूर करावा. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि त्यापासून मिळणारा गॅस जवळपास ९०० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसएवढे काम देतो. उष्टे अन्नही त्यात घालता येते, पण थोडे थोडे. एकदम जास्त घातल्यास संयंत्र आंबते व गॅस बंद पडतो. लिंबाच्या साली, हाडे, अंड्याची टरफले टाकू नयेत.

भांडी धुण्यास व मुक्कामी ग्राहकांच्या अंघोळीस लागणारे पाणी उन्हावर तापवावे. शंभर लिटर पाणी २५ वरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास विजेचे चार युनिट लागतात. आपल्या उन्हात सौर बंब हे काम सहज करतो. शिर्डीच्या प्रसादालयात तर २००९ मध्ये ७३ सौर तबकड्या बसवून वाफेवर स्वयंपाक सुरू करण्यात आला. एवढा पसारा ढाब्याला परवडणारा नाही, हे उघडच आहे.

डाळ भिजवून, झाकण ठेवून शिजविण्यास मात्र काहीच खर्च येत नाही. भट्टीची राख उकिरड्यावर न फेकता शेणखतात मिसळावी, तीत पालाश असते.